नाकारलं त्यानं उसवायचं

खडूबाईंना कुणी खरं नाव विचारलं, तर त्यांना क्षणभर आठवावं लागायचं. लाइफ जॅकेटं शिवायच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर त्यांची एकतीस वर्षं गेली होती. जॅकेट समोर आलं की ते उलटं करायचं, पट्टे ओढायचे, शिवणीवरून अंगठा फिरवायचा. अंगठ्याला काही खटकलं की एप्रनच्या खिशातून लाल खडू बाहेर आलाच म्हणून समजा. भल्याभल्या शिवणाऱ्यांचं त्या खडूपुढे धाबं दणाणायचं.

आता या कारखान्याचा एक तऱ्हेवाईक नियम होता. कारखाना सुरू करणारी म्हातारी फार खमकी होती. तिच्या काळात तपासणारे लोक डोक्यावर बसले होते. कुणाशी वाजलं की त्याचा माल धडाधड परत पाठवायचे. म्हातारीने एका सकाळी सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, आजपासून ज्याने नाकारलं त्यानेच उसवायचं. खडू लावायचा हक्क तुमचा, तर टाके काढायची मेहनतही तुमची. शिवणाऱ्याने नंतर फक्त पुन्हा शिवायचं.

मग काय झालं? माणसंच ती! तपासणारे सगळे रातोरात दयाळू झाले. वाकड्या शिवणीकडे बघून "चालतंय की" म्हणायला लागले. एकट्या खडूबाईंना काही ते जमेना. फार वर्षांपूर्वी मुलगा तापाने फणफणला होता, त्यांना घर गाठायची घाई होती, आणि एक सैल पट्टा त्यांनी तसाच पुढे ढकलला होता. ते जॅकेट कुठे गेलं, कुणाच्या अंगावर गेलं, देव जाणे. त्या दिवसापासून त्यांनी कानाला खडा लावला. इतर सगळ्यांनी मिळून जेवढं उसवलं नसेल तेवढं एकट्या बाईंनी उसवलं. उजवा अंगठा कायमचा वाकडा झाला, पण बाई समाधानी होत्या. घरी यावं, पाय गरम पाण्यात सोडावेत, चहाचा कप हातात घ्यावा, रविवारी चर्चला जावं, यापलीकडे त्यांचं काही मागणं नव्हतं.

मुलाचं लग्न झालं आणि सूनबाई घरात आली. पोरगी गुणी, हसरी, पण जरा कुणाचा आवाज चढला की तिचा चेहरा पांढरा पडायचा. तिचे वडील शाळेत मुख्याध्यापक होते आणि घरीही मुख्याध्यापकच होते. लहानपणी तिने साखरेच्या डब्यात बोट घातलं तरी म्हणायचे, "देव बघतोय. न्यायाच्या दिवशी सगळं बाहेर येणार आहे." बिचारी अजूनही चहात साखर घालताना इकडेतिकडे बघायची. सासूला हसू यायचं आणि पोटात तुटायचंही.

सूनबाई त्याच कारखान्यात शिवणीवर लागली. तीन महिने कच्ची नोकरी. तेवढ्यात तीनदा लॉट परत आला तर नमस्कार, घरी बसा. शनिवारची गाडी माल घेऊन निघायच्या आत लॉट दुरुस्त झाला, तर तो परत आल्यात धरत नसत. दोनदा तिचा माल परत आलेलाच होता, आणि आता शेवटचा आठवडा होता. नोकरी तिला हवी होती ती स्वतःसाठी. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या धाकाशिवाय काहीतरी जमतंय असं तिला वाटत होतं, आणि हे तिने सासूलाच सांगितलं होतं.

त्या आठवड्यात मंगळवारी चर्चच्या महिला मंडळाची सभा होती. पाळकीणबाई, म्हणजे धर्मगुरूंच्या पत्नी, देवाच्या प्रेमावर छान बोलत होत्या, अर्ध्या जणी पेंगत होत्या, आणि अचानक सूनबाई उभी राहिली.

"देव प्रेम करतो म्हणता, मग न्याय कशाला करतो? आणि न्याय करायचाच असेल, तर प्रेम करतो असं का सांगायचं? मला तर त्याच्यासमोर उभं राहायचं या विचारानेच धडकी भरते."

सगळ्या जणी जाग्या झाल्या. पाळकीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग सगळ्यांनी वयाने मोठ्या म्हणून खडूबाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "चहा गार होतोय."

घरी येताना सून म्हणाली, "तुम्हालाही माहीत नाही ना, आई?"

"नाही बाई," खडूबाईंनी कबूल करून टाकलं. "मी आपली रोज त्याच्याशी बोलते. हे विचारायचं कधी सुचलंच नाही." पण प्रश्न डोक्यातून जाईना. आयुष्यभर ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्याबद्दल एवढंही सांगता येऊ नये, याची त्यांना लाज वाटली.

गुरुवारी दुपारी सुनेचा लॉट टेबलावर आला. तिचा माल एरवी तपासणारी दुसरी बाई रजेवर होती. सुपरवायझरने डोळा मिचकावला, "घरचंच आहे, घ्या सांभाळून." तीस जॅकेटं. पहिलं उचललं आणि बाईंना कौतुकच वाटलं. शिवण कशी सुरेख, सरळ! मग अंगठा फिरला आणि पट्ट्याच्या जोडावर थांबला.

टाके दाट होते. खांद्याचा पट्टा जोडतात तिथे इंचाला सात टाके लागतात. सुनेने घातले होते चौदा. सासू तपासणार, तर काम पक्कं झालं पाहिजे, म्हणून पोरीने जीव ओतून टाक्याची लांबी ठरवणारी मशीनची चकती फिरवली होती. तिला कोण सांगणार, की इतक्या जवळजवळ सुई गेली की पट्ट्याची चाळण होते? तिकिटं फाडायला भोकं पाडलेली असतात तसा तो ताण बसला की सरळ रेषेत फाटतो. बाईंनी दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहिलं. टर्र!

तिसाच्या तिसांवर खडू लागला. सूनबाई मशीनवरून उठून आली.

"घरी लेक म्हणता, आणि इथे हे? दुप्पट टाके घातलेत मी, दुप्पट! तुम्हाला खूश करायला घातले. अहो, कमी घातले असते तर समजलं असतं!"

"अगं, ऐक तरी..."

"काही नको. वडिलांनी सांगितलं होतं तेच खरं." आणि घंटा झाल्याबरोबर ती पर्स उचलून निघून गेली.

सुपरवायझर हळूच म्हणाला, "बाई, पुसून टाका. कुणाला कळतंय? नाहीतर पोरगी घरी बसेल."

"माझं ऐक," खडूबाई म्हणाल्या, "पट्ट्याला घडीत दोन बोटं कापड जास्त असतं. भोकं पडलेला भाग सोडून जोड तेवढा सरकवता येतो. शनिवारी दुपारी गाडी येते ना? मग मला हात चालवू दे." आणि त्या उसवायची सुई घेऊन बसल्या.

दाट टाके उसवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. एकेक टाका चिमटीत यायचा नाही. बाई पुटपुटत होत्या, कधी पोरीवर, कधी तिच्या बापावर, कधी स्वतःच्या डोळ्यांवर. पण पोरीवर राग काही टिकेना. राग त्या टाक्यांचा येत होता. पोरीची आठवण झाली की नुसती मायाच दाटून यायची. हे असं दोन्ही एकाच वेळी कसं, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

घरी सूनबाई तोंड फुगवून बसली होती. बाईंचा मुलगा दोघींच्या मधे पडेल तर शपथ! त्याने वर्तमानपत्र असं उघडलं, की आतलं माणूस दिसू नये.

शुक्रवारी सूनबाई उठली तेव्हा सासू केव्हाच घराबाहेर पडली होती. कारखान्यात आली तर टेबलाजवळ अर्धा ढीग उसवून ठेवलेला, आणि बाई खाली मान घालून बसलेल्या. अंगठ्याला चिंधी बांधलेली, चिंधीला रक्त.

तिने चिंधीकडे बघितलं. मग म्हणाली, "पास केलं असतंत तर हे करावं लागलं नसतं."

"ज्याच्या अंगावर ते जॅकेट गेलं असतं, त्याचं काय?"

समोरची सुई घ्यायला सूनबाईने हात पुढे केला. बाईंनी तो झटकला. "नाकारलं मी, उसवणार मी. तू मशीनवर बस. इंचाला सात, लक्षात ठेव."

ती वळली तसं बाईंनी तिला पुन्हा हाक मारली. बोलायची सवय नसल्यामुळे शब्द जुळवायला वेळ लागला.

"मंगळवारचं विचारत होतीस ना. मला पाळकांसारखं बोलता येत नाही. पण काल इथे बसल्या बसल्या वाटलं, देवाचंही असंच असेल. 'चालतंय की' त्याला म्हणता येत नाही, कारण आपल्या चुकीने दुसरं कुणीतरी बुडतं. आणि आपल्याला टाकून देणं त्याच्या जिवाला सोसत नाही. मग खडूही त्यानेच लावला आणि उसवायलाही तोच बसला. हात फुटले त्याचे, अगं. तो क्रूस भिंतीवर इतकी वर्षं बघतेय मी, आणि हे काल कळलं मला."

सूनबाईने डोळे पुसले, चकती फिरवून सातवर आणली, आणि दिवसभर मशीन थांबलं नाही.

शनिवारी दुपारी गाडी दारात आली तेव्हा शेवटची दहा जॅकेटं टेबलावर होती. बाईंनी एकेक उलटं केलं, ओढलं, अंगठा फिरवला. सून शेजारी उभी होती. सुपरवायझर घड्याळ बघत होता, आणि बाहेर ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. तिसावं जॅकेट तपासून बाईंनी गठ्ठ्यावर ठेवलं आणि सुस्कारा सोडला.

"झालं! सगळा माल पास. जीव भांड्यात पडला बाई."

सुपरवायझरने गठ्ठा उचलायला हात घातला. तेवढ्यात सूनबाईने वरचं जॅकेट ओढून काढलं. चेहरा पांढराबिंढरा काही पडला नव्हता. तिने ते सासूपुढे पसरलं, डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"आई, चिंधीमुळे तुमच्या अंगठ्याला जाणवलं नाही. इथे दोन टाके सुटलेत माझे. खडू लावा."

"अहो, गाडी निघतेय!" सुपरवायझर ओरडला. "नोकरी जाईल तुमची!"

"थांबेल गाडी," सूनबाई म्हणाली, आणि स्टूल ओढून सासूजवळ बसली. "लावा हो, आई. मी इथेच आहे."