विनयाकाकींची बाटली

आगाशीच्या वाडीत विनयाकाकींची केळी होती, तेव्हा त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत. केळीच्या जागी ब्रॉयलर कोंबड्यांची शेड आली आणि बाईंच्या तोंडाला कुलूप लागलं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधही कंपनीचंच. काकींचं काय? छप्पर आणि राबणं. बाहेरचं औषध दिलं तर करार रद्द, हे पहिल्याच पानावर छापलेलं.

पण विष्ठा पाहून पिल्लाचं दुखणं ओळखणारी बाई गप्प कशी बसणार? गेल्या खेपेला आठव्या दिवशीच पिल्लं घुरघुरू लागली. कंपनीचा सुपरवायझर धवल फोन उचलेना, तेव्हा काकींनी विरारहून औषध आणून गुपचूप पाण्यात घातलं. गुण आला. बाई स्वतःवर खूश!

या खेपेला घुरघुर लागली ती विसाव्या दिवशी. काकींनी तीच बाटली काढली. आतड्याच्या रक्ती हगवणीवर कंपनी खाद्यातच औषध घालते, आणि जंतू एकाच औषधाला सरावू नयेत म्हणून पंधरवड्यानंतर ते बदलते, याचा त्यांना पत्ता नव्हता. या दुसऱ्या औषधाचं आणि बाटलीतल्याचं हाडवैर. तिसऱ्या दिवशी कोंबड्या पाय ताणून पडू लागल्या. तेव्हा कुठे काकींनी चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. ज्याच्यासोबत देऊ नका म्हटलं होतं, तेच नाव खाद्याच्या गोणीवर होतं.

धवल आला. त्याला विष्ठेत थोडं रक्त दिसलं.

"काकी, हगवणच आहे. खाद्यातलं औषध कमी पडतंय. डोस वाढवून पाठवतो, संध्याकाळपर्यंत गाडी येईल."

म्हणजे उरलेल्यांचाही निकाल. बोलावं तर करार जाणार, न बोलावं तर कोंबड्या. इकडे आड, तिकडे विहीर, आणि त्यातली एक स्वतःच खणलेली. काकींना रडू आलं, रागही आला, तोही स्वतःचाच.

"थांब. मी पाण्यात औषध घातलंय."

धवलने शेडच्या दाराकडे पाहिलं. "काकी, हे मी ऐकलंच नाही. ऐकलं तर मला रिपोर्ट टाकावा लागेल, मग पुढची बॅच विसरा. कोंबड्या गेल्या तर हगवणीने गेल्या. तुमच्यावर काय येणार नाही."

सुटायला आयती वाट मिळाली होती. समोर एक कोंबडी पंख आपटत पाण्याकडे सरकत होती. पाय मागे फरपटत होते.

"टाक तुझा रिपोर्ट," काकी म्हणाल्या आणि त्यांनी पाण्याचं पिंप उलटं केलं. "पण आधी खाद्याची भांडी उचलायला हात लाव."