रेघ माझी, ठिपका मोतीरामचा

आमच्या जिल्ह्यात कमानीचं सूत माझ्यासारखं कुणी ओढत नाय. कुणालाबी विचारा, बद्रीनाथचंच नाव घेतील. सातवी शिकलोय, पण कॉलेजातली पोरं माझ्यापाशी उकिडवी बसून शिकतात. तरी आज लिहितोय ते माझ्या धाकट्या भावाबद्दल, मोतीरामबद्दल. तो स्वतःबद्दल दोन शब्द बोलायचा नाय, म्हणून.

मोतीराम दगड घडवतो. काळ्या दगडावर हातोडी टक करून वाजवतो, कान लावतो आणि आत चीर कुठं हाय ते बोटानं दाखवतो. त्याचा डावा कान छन्नीच्या आवाजानं कवाच गेला. हे सगळं तो उजव्या कानावर करतो. लग्न केलं नाय. बिडकीनची एक सोयरीक आली होती. पोरीच्या बापानं विचारलं, "पोरगा बोलत का नाय?" मी म्हणलं, "त्याच्या वाटचं मी बोलतो." बैठक हसली आणि सोयरीक तिथंच राहिली. मोतीरामनं त्यावरबी कधी काय म्हणलं नाय.

आमची जोडी बापानं लावून दिली. मी जमिनीवर चुना पसरून कमान काढायची, पत्र्याचे साचे कापायचे, त्यानं साच्याबरहुकूम दगड घडवायचा. प्रत्येक दगडाच्या मागच्या अंगाला, जे भिंतीत जातं आणि दिसत नाय, तिथं दोन खुणा. आखणाऱ्याची म्हंजे माझी रेघ, घडवणाऱ्याचा म्हंजे त्याचा ठिपका. चूक निघाली तर खूण बघून कळावं, दोघं जबाबदार.

दोन वर्षांमागं शहरातल्या एका जुन्या दरवाजाचं काम निघालं. ट्रकचा धक्का लागून कमानीचे अकरा दगड ढिले झाले होते. काम बघणाऱ्या विशाखा मॅडम म्हणाल्या, सिमेंट नको, दगडच बसवायचा. शहागंजच्या मागं एक रिकामं गोदाम मिळालं. तिथं मी फरशीवर कमान काढली.

टोकदार कमानीला दोन पहारी ठोकाव्या लागतात. एका पहारीला सूत बांधून अर्धी कमान, दुसरीला बांधून दुसरी अर्धी. दगडांच्या सांध्याची प्रत्येक रेघ आपल्या पहारीकडं बघत गेली पाहिजे, तरच वरचं ओझं दगडादगडातनं खाली उतरतं. आणि सूत कधी थेट पहारीला बांधायचं नसतं. आमच्या बापाचं एक लोखंडी कडं होतं. ते पहारीत घालायचं, सूत कड्याला बांधायचं, मग कडं फिरतं आणि सूत तेवढंच राहतं.

त्या दिवशी कॉलेजातली पोरं मोबाइल धरून उभी होती. मला एका झटक्यात फिरवून दाखवायचं होतं. मी सूत थेट पहारीला बांधलं.

"दादा, कडं घाल," मोतीराम म्हणाला. "सूत पहारीला गुंडाळतंय."

"मोत्या, तू छन्नी सांभाळ. सूत माझं हाय."

त्यानं छन्नी उचलली.

तीन महिन्यांनी दगड दरवाजात उभारलेल्या लाकडी चौकटीवर चढवायला घेतले. खालचे नीट बसले. वर गेलो तसा दगड डुलायला लागला. सूत गुंडाळत आखडलं होतं, वरची गोलाई अर्धं बोट चुकली होती. दोन्हीकडचे वरचे दोन-दोन दगड, असे चार खाली उतरवले. मी मॅडमना फोन करायला दरवाजाबाहेर गेलो. आतनं हातोडीचे टोले ऐकू आले, मी लक्ष दिलं नाय.

मॅडम आल्या, दगड पालथे केले. खुणांची रीत त्यांना मीच मोठ्या ऐटीत सांगितली होती.

"ह्यांच्यावर रेघ नाही," त्या म्हणाल्या. "नुसता ठिपका आहे."

माझ्या रेघेच्या जागी ताजे टवके उडालेले होते.

"मी दादाला न दाखवता घडवले," मोतीराम म्हणाला. "चूक माझी."

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "बहिऱ्याला काम दिल्यावर दुसरं काय होणार." लोक हसले. मी तिथंच उभा होतो. मी, ज्याचं तोंड कधी बंद नसतं, एक शब्द बोललो नाय.

दुसऱ्या दिवशी मोतीराम आला नाय. गोदामातल्या पहारीवर बापाचं कडं अडकवलेलं होतं.

कडं घालून मी पुन्हा सूत ओढलं. चार दगड स्वतः घडवले. चार महिने लागले, आणि खरं सांगतो, त्याच्या हाताची सर नाय. राहिली चावी. कमानीचा सगळ्यात वरचा, मधला दगड. ती माझ्यानं होईना. दोन दगड फोडले. मग मॅडमकडं जाऊन सांगितलं की सूत मी चुकवलं होतं.

"मला सांगून काय होणार?" त्या म्हणाल्या. "त्यांना सांगा."

मोतीराम सिल्लोडला जळगाव रोडच्या कडंला पाटे-वरवंटे विकत बसला होता. पत्र्याच्या खोपटात एक ताट, एक तांब्या. चावीचा साचा घेऊन मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो.

"मी मॅडमना खरं सांगितलं, मोत्या."

"कडं घातलंस का?"

"घातलं. चावी बसवायला चल."

बराच वेळ तो पाट्याला टाकी लावत राहिला. मग म्हणाला, "साचा ठेवून जा. घडवून देतो. येणार नाय."

"का?"

"लोक हसले त्याचं काय नाय, दादा. तू तिथं होतास."

साचा ठेवून मी परत आलो.

महिन्यानं चावी एसटीनं आली, गोणपाटात शिवलेली. पालथी केली. मागं त्याचा ठिपका होता आणि शेजारी, रेघ मावंल एवढी जागा गुळगुळीत करून ठेवली होती. मी छन्नी घेतली आणि रेघ खोल मारली.

चावी बसवताना एकानं वरून लाकडी मोगरी मारायची आणि दुसऱ्यानं खालून सांधे बघत "बस" म्हणायचं असतं. तीस वर्षं मी मारली आणि तो म्हणाला. आमच्या धंद्यात तेवढंच काय ते तो मोठ्यानं बोलायचा. मॅडम होत्या, मजूर होते, पण तो शब्द त्यांचा नव्हता. मी मारत राहिलो. दगड बसल्याचा आवाज आला, तरी मी एक टोला जास्तच मारला, वाट बघत.

मग मीच म्हणलं, "बस."