ओहममामाचा भार

आमच्या ओहममामाला अख्ख्या माधवनगरात कुणाचाच आवाज पसंत नव्हता. देवळातला कर्णा लागला की तो कानात बोटं घालायचा. माझ्या लग्नातली सनई ऐकून तर तोंड वाकडं करून सरळ जेवायलाच जाऊन बसला. "फाटतोय," एवढंच म्हणायचा. फौजेत सिग्नलला होता, रिटायर होऊन आला तो जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह घेऊनच. जग खिशातल्या फोनवर गाणी ऐकतंय आणि हा गडी काचेचे दिवे तापायची वाट बघत बसलाय!

त्या दिव्यांचा अ‍ॅम्प्लिफायर तो घरीच जोडत होता, पण तो कधी पुरा होणार, हे विचारायची सोय नव्हती. घोडं एकाच ठिकाणी अडलेलं. व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मध्ये ट्रान्स्फॉर्मर लागतो, व्हॉल्व्हवर किती भार पडणार ते तो ठरवतो. ह्या भाराचं माप म्हणजे ओहम, त्यावरूनच मामाला हे नाव पडलेलं. ओहम कमी धरले की आवाज दणदणीत पण फाटका, जास्त धरले की स्वच्छ पण मरतुकडा. मामा एक बसवायचा, ऐकायचा, उपटायचा, दुसऱ्याला नवी तार गुंडाळून आणायचा. वर आम्हालाच ऐकवायचा, "बैलावर बी भार बेतानं टाकत्यात, ही तर काच हाय."

आणि हे सगळं कुणासाठी, तर मामीसाठी. मामी भजन फार गोड म्हणायची. तिचा आवाज माइकवर पहिल्यांदा येईल तो ह्याच यंत्रातून, असा मामाचा हट्ट. भजनी मंडळानं कितीदा बोलावलं, तर म्हणे, "त्या कर्ण्यात हिचा गळा चिरडायचा व्हय?" मामी बिचारी भाकऱ्या थापताना गुणगुणायची. मला अस्सा संताप यायचा!

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं, आवाज राहील याची खात्री नाही. मामी मला म्हणाली, "एकदा तरी मोठ्यानं ऐकावा वाटतोय गं." मी ते मामाला तोंडावर सांगितलं. "जरा थांब," तो म्हणाला, "अजून भार जुळंना." ऑपरेशनला निघालो तेव्हा यंत्र टेबलावर उताणं पडलं होतं.

मामी परतली ती घोगरा, चिरका आवाज घेऊन. त्या दिवशी मामानं काही मोजलं नाही. हाताला लागला तो ट्रान्स्फॉर्मर जोडला आणि माइक तिच्यापुढं धरला. मामी म्हणाली, "आवं, च्या गार झाला." स्पीकर खरखरला.

माझा राग गेला नव्हताच. "मामा, फाटतोय की," मी म्हणाले.

"तुला कान न्हाईत," तो माझ्यावर खेकसला, आणि मामीला म्हणाला, "परत म्हण. लय साफ येतंय."