राखेतला अंगठा

काचमामांच्या अंगठ्याला ठसा नव्हता. म्हणजे अंगठा होता, चांगला जाडजूड होता, पण त्यावरच्या रेषा चाळीस वर्षं गरम काच हाताळून पार पुसून गेल्या होत्या. रेशन दुकानात मशीनवर अंगठा ठेवायचे, मशीन नाही म्हणायचं. धोतराला पुसून ठेवायचे, खोबरेल लावून ठेवायचे, तरी नाहीच म्हणायचं. मागची रांग कुरकुरायला लागली की मामा शांतपणे दुसऱ्या हाताचा अंगठा पुढे करायचे, मग एकेक करून सगळ्या बोटांची वरात निघायची, आणि शेवटी त्यांच्या लेकीला, सुनंदाला, घरून बोलवावं लागायचं. त्यांना याचं वाईट वाटल्याचं मी कधी पाहिलं नाही. "सरकारला वाटून राह्यलं, मी हायच न्हाई," एवढं म्हणून ते हसायचे.

मी अंबडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. पोरं वर्षभर जे काही फोडून ठेवायची ते सांधायला मामा दर फेब्रुवारीत, प्रॅक्टिकलच्या परीक्षेआधी, नवीन जालन्याहून एसटीने यायचे. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा. ऑक्सिजनची टाकी एसटीत घेत नाहीत, म्हणून ती अंबडातल्याच एका वेल्डिंगवाल्याकडून आणायचे. प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात कडुनिंबाच्या सावलीला टेबल लावायचं, गॅसची नळी जोडायची, टॉर्च पेटवायचा, की तीन दिवस त्यांचं तिथे राज्य. टोक तुटलेल्या ब्युरेट, तडकलेले कंडेन्सर, काठाचा टवका उडालेली चंचुपात्रं, सगळं त्या निळ्या ज्योतीत जाऊन धडधाकट होऊन परत यायचं. हे काम ते प्रयोगशाळेची काच बनवणाऱ्या एका कारखान्यात शिकले होते. त्याआधी टेंभुर्णीकडे बापाबरोबर मेंढरं राखली होती. काचेकडे बघायची त्यांची नजरही मेंढपाळाचीच राहिली होती. कुठलं लंगडतंय, कुठलं आजारी आहे, हे त्यांना दुरूनच कळायचं.

काम करताना ते जांभळट काचांचा चष्मा लावायचे. काच तापली की ज्योत पिवळीधमक होते, डोळ्यांवर येते, ते पिवळेपण तो चष्मा गिळून टाकतो. मामा तो काढायला विसरायचे आणि तसेच चहाला कँटीनमध्ये जायचे, बाजारात जायचे. एकदा तर तसेच प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. प्राचार्य बिचारे सगळा वेळ त्या जांभळ्या काचांकडेच बघत होते. बाहेर आल्यावर मामा मला म्हणाले की साहेबांची तब्येत बरी दिसत नाही, रंग उतरलाय. मी त्यांना आरसा दाखवला तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट अशी: गरम काच आणि थंड काच दिसायला अगदी सारखी. लोखंड लाल होतं, भाकरीला वाफ येते, काच काही सांगत नाही. म्हणून टेबलावरची कुठलीही काच उचलण्याआधी उलटा हात तिच्याजवळ न्यायचा, कातडीला धग लागते का बघायची, मगच धरायची. मी मुळात उतावळी बाई. दोनदा चांगली भाजले, तेव्हा कुठे ही सवय अंगवळणी पडली. आता इतकी पडली आहे की घरी फ्रिजमधून काढलेल्या बाटलीजवळही माझा उलटा हात आधी जातो, आणि माझा नवरा कपाळाला हात लावतो.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम उरकायचं आणि मग मामांच्या आवडीचं काम सुरू व्हायचं. गोट्या. मामा गोट्या करायचे, आणि त्या बांगड्यांच्या काचांच्या करायचे. आमच्या सगळ्या शिक्षिका, शिपाई मावशी, कँटीनवाल्या काकू वर्षभर काचा डब्यात साठवून ठेवायच्या आणि त्यांना आणून द्यायच्या. बांगडी फुटली असं बाईमाणूस म्हणत नाही, वाढली म्हणतं. मामा ते इतकं मनावर घ्यायचे की ब्युरेट फुटली तरी "वाढली" म्हणायचे. बघता बघता आम्हीही म्हणायला लागलो. मोडतोडीच्या रजिस्टरात मी एकदा "चंचुपात्र वाढले, नग दोन" असं लिहून गेले आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी मला साठ्यात दोन नग जास्त का दिसत नाहीत म्हणून अर्धा तास छळलं.

गोटी करताना बघणं हे सुख होतं. साधी काचकांडी ज्योतीत धरून फिरवत राहायची, टोकाला मधासारखा गोळा जमतो. त्यात बांगडीचा तुकडा वितळवून त्याची दोरी ओढायची, पिळा द्यायचा, वरून पुन्हा साधी काच चढवायची. मग बाभळीच्या भिजवलेल्या ठोकळ्यातल्या खाचेत घोळवत घोळवत ती गोल करायची. ठोकळ्यातून वाफ यायची, करपलेल्या लाकडाचा वास सुटायचा. मी एकदा शहाणपणा करून म्हटलं, मामा, ब्युरेटची काच किती स्वच्छ असते, ती का नाही वापरत? ते म्हणाले, "ती कडक, ही नरम. दोघी एका घरात नांदत न्हाईत. थंड होता होता भांडण होतं आन् दोघी जातात." त्यांना कारखान्यात कोणी पुस्तकं शिकवली नव्हती, पण हे त्यांचं बरोबर होतं.

आणि मग राख. गोवरीची, वस्त्रगाळ केलेली राख तव्यावर गरम करून एका डब्यात भरलेली असायची. गोटी त्यात पुरायची, वरून राख सारखी करायची, तिच्यावर अंगठा दाबायचा आणि झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत डब्याला हात लावायचा नाही. अंगठ्याचं कारण मी विचारलं, तर म्हणाले की कोणी मधेच उघडला तर कळायला पाहिजे, पोरं लई चावट असतात. "वरून थंड दिसती, पोटात गरम ऱ्हाती. जल्दी काढली की पोटात दुखणं घेऊन बसती." एवढं एकच काम त्यांनी कधी घाईत केलं नाही.

मामी गेल्या त्या वर्षी मामा आले नाहीत. पुढच्या फेब्रुवारीत आले ते खांदे पडलेले. कामाच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्यासमोर सोडला. आत हिरव्या बांगड्यांचे तुकडे होते, सरळ कापलेले, एकही कण उडालेला नाही. मामी दवाखान्यात होत्या तेव्हा हात सुजला, बांगड्या रुतायला लागल्या. नर्स काढायला आली तर मामी तिला हात लावू देईनात. मग मामांनी घरून आपली कानस मागवली, ब्युरेटच्या नळीवर मारतात तशी प्रत्येक बांगडीवर बारीक रेघ मारली आणि मामींच्या हाताला ओरखडा न येऊ देता चारही बांगड्या उतरवल्या. शेवटी जाताना मामींच्या हातात नव्या बांगड्या भरल्या. लेकीच्या लग्नात भरलेल्या या हिरव्या मात्र रुमालात राहिल्या. वर्षभर त्यांना हात लावायचा धीर झाला नव्हता, असं मामा म्हणाले. एकच गोटी होईल एवढ्याच काचा होत्या. डोळ्यांत फूल पडायला लागलं होतं, पुढच्या वर्षी हात चालेल की नाही याचीही त्यांना खात्री नव्हती.

त्यांनी ती गोटी माझ्यासमोर केली. आत हिरवा पिळा, त्यात बांगडीवरच्या सोनेरी ठिपक्यांची एक पुसट रेघ. दीडच्या सुमाराला ती राखेत गेली, वर अंगठा दाबला गेला, झाकण लागलं. मामा टाकी परत करायला वेल्डिंगवाल्याकडे गेले आणि तिथून परस्पर पाचच्या बसने जालन्याला जाणार होते. सकाळी डबा उघडायला ते परत येणार होते, तोवर तो माझ्या ताब्यात होता.

आता काय सांगू. चार वाजता प्रयोगशाळेत मी एकटी होते. मला ती गोटी उजेडात बघायची होती. त्यांच्या समोर बघता आली नसती, रडू आलं असतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला धीर नव्हता, एवढंच. झाकण काढलं, चिमट्याने गोटी काढली, खिडकीत धरली. कडुनिंबातून येणाऱ्या उन्हात तो हिरवा पिळा असा काही पेटला की माझा हात खाली येईना. वारा सुटला होता हेही माझ्या ध्यानात आलं नाही. मग एकदम भानावर आले, गोटी परत पुरली, राख सारखी केली, वर माझा अंगठा दाबला आणि झाकण लावलं. जिवात जीव आला. चोरी पचली असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले, झाकण उघडलं आणि बघतच राहिले. मीही वाकून पाहिलं. वस्त्रगाळ राखेवर माझ्या अंगठ्याच्या रेषा न् रेषा उठल्या होत्या. त्यांचा अंगठा तर गुळगुळीत. रेशनच्या मशीनला जे कळायचं ते मला कळलं नव्हतं.

मी सगळं सांगून टाकलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, किती वेळ बाहेर होती? मी म्हटलं, पाच मिनिटं असतील. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "उजेडात दिसली कशी?"

"फार सुंदर, मामा."

"मंग बरं," ते म्हणाले. राखेतून गोटी काढली, फुंकली, फिरवून फिरवून पाहिली. अख्खी होती. मी देवाचे आभार मानायला लागले तर ते म्हणाले, "काच लगेच बोलत न्हाई, बाई. वाढायची असंल तं आज वाढंल, दहा वर्षांनी बी वाढंल. न्हाई बी वाढणार. मनाला लावून घेऊ नका." रुमालात गुंडाळून ती त्यांनी वरच्या खिशात ठेवली.

मनाला कसं लावून घेणार नाही? पुढची नऊ वर्षं माझा दर फेब्रुवारी त्याच एका प्रश्नाने सुरू झाला. एसटीतून उतरून मामा व्हरांड्यात पेटी ठेवतात न ठेवतात तोच मी विचारायची, गोटी कशी आहे? ते खिशातून काढून माझ्या तळहातावर ठेवायचे. "हे बघा. हाय बराबर." त्या एका क्षणासाठी मी वर्षभर थांबलेली असायची. एकदा मला हिरवा रंग जरा फिका वाटला, सोनेरी रेघही दिसेना. तसं बोलले, तर मामांनी मलाच चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं. मी गेलेसुद्धा, आणि नंबर वाढलेला निघाला, म्हणून पुढे काही बोलले नाही.

नंतर कॉलेजने दुरुस्ती बंद केली. फुटलं की नवीन, असं ठरलं. मामा तरी एकदा नुसते भेटायला आले, गोटी दाखवून गेले. त्यानंतर फोनवरच. यंदा मी निवृत्त झाले, आणि त्या गडबडीत मामा गेल्याची बातमी मला महिन्याने कळली. लाज वाटली. तशीच उठून जालन्याला गेले.

सुनंदाने चहा केला. मामांची पेटी कोपऱ्यात होती, वर तो जांभळा चष्मा. मी विचारलं, आईची ती गोटी कुठे आहे? सुनंदा आत गेली आणि दोन गोष्टी घेऊन आली. एक ती गोटी, दरवर्षी माझ्या तळहातावर यायची ती. दुसरा तो रुमाल. रुमालात दोन अर्धे तुकडे होते, हिरव्या पिळ्याचे, आणि त्यात सोनेरी ठिपक्यांची पुसट रेघ होती.

मला आधी काही कळेना. मग सुनंदा सांगायला लागली. "त्याच दिवशी, बाई. अंबडहून येताना बसमधीच वाढली, खिशात. घरी येऊन रुमाल सोडला तं दोन तुकडे. बापू लई वेळ बसून राह्यले. दुसऱ्या दिवशी उठले, बाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या आन् ही दुसरी केली."

मी म्हटलं, अगं पण मला का सांगितलं नाही? आणि उत्तर माझं मलाच कळलं.

ती गोटी उचलायला मी हात पुढे केला. सवयीने उलटा हात आधी गेला, आणि सुनंदाला रडू फुटलं, कारण तेही मामांचंच होतं. मग तिने रुमालाची गाठ मारली, तो स्वतःजवळ घेतला आणि अख्खी गोटी माझ्या मुठीत ठेवली.

"ती आईची. ही तुमचीच हाय, तुमच्यासाठीच केल्ती. दोन दिवस राखेत ठेवली होती, मला डब्याजवळ फिरकू दिलं न्हाई. म्हणले, बाई दरवर्षी विचारतील, ही वाढून चालायचं न्हाई."