बेचाळीस नंबरचा बूट

देवाप्पा सुतार २९ फेब्रुवारी १९९६ रोजी निवृत्त होणार होता. लीप वर्ष असल्यामुळे त्याच्या नोकरीत एक दिवस जास्तीचा भरत होता, आणि आता तो एक दिवसही त्याला जड वाटत होता. बावीस वर्षे तो बेंगळूरजवळ व्हाइटफील्डच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, एकाच टेबलाशी उभा राहिला होता. गुडघे कुरकुरत. पॉलिशची बारीक धूळ डोळ्यांत जाऊन जाऊन डावा डोळा सतत पाणावलेला असे. के. आर. पुरमहून सकाळी बसमध्ये बसायला जागा मिळाली की त्याला तो दिवस बरा वाटायचा. इतक्या लहान गोष्टीवर दिवसाचे मोल ठरू लागले, तेव्हा आपण थकलो हे त्याने मनाशी कबूल केले होते.

काम लाकडी नमुने करण्याचे. प्लास्टिकची वस्तू काढायची तर आधी पोलादाचा साचा लागतो, आणि वळणावळणाच्या वस्तूचा साचा कापणाऱ्या मशीनला एक नमुना द्यावा लागे. मशीनचे एक बोट नमुन्यावरून फिरे आणि दुसऱ्या बाजूचे कटर पोलादात तसाच आकार कापी. ते बोट ज्याच्यावरून फिरे ते लाकूड देवाप्पाच्या हातचे. बादल्यांचे कान, इस्त्रीची मूठ, स्कूटरवाल्यांची हेल्मेट, सगळे आधी त्याच्या टेबलावर शिसवी किंवा सागवानी रूपात जन्माला आले होते.

आदल्या दिवाळीत मालक शेषगिरींनी युरोपातल्या एका कंपनीची ऑर्डर आणली. बर्फावर स्केटिंग करायचे बूट. बाहेरून कडक प्लास्टिकचे कवच, वर तीन बकले, खाली पोलादी पाते, आत फोमचा जाड मोजा. तिकडे स्केटिंगच्या मैदानांवर असे बूट भाड्याने मिळतात. तासाभरासाठी घ्यायचे, घसरायचे, परत करायचे. पहिला साचा बेचाळीस नंबरचा. तो पसंत पडला की बाकीचे नंबर.

कारखान्यात दोन-चार दिवस थट्टा चालली. मशीन चालवणारा गुंडू म्हणाला, "अण्णा, आपल्याकडे बर्फ उसाच्या रसात असतो. त्याच्यावर उभं कोण राहतंय?" प्लास्टिक थंडीत तडकते का ते पाहायला बेंगळूरच्याच शिवाजीनगरच्या मासळीबाजारातून बर्फाच्या लाद्या आणल्या, पिंपात मीठ घालून त्यांत कवच दिवसभर पुरले आणि मग हातोडीने ठोकून पाहिले. तडकले नाही. ड्रॉइंगचे काम पुण्याहून वर्षभरापूर्वी आलेल्या शुभंकर नावाच्या तरुण इंजिनिअरकडे होते. देवाप्पाशी मराठीत बोलता येते याचाच त्याला कारखान्यात मोठा आधार होता.

देवाप्पाने शेषगिरींना शब्द दिला होता की बूट पास करून मी जातो. बायको गंगव्वा जानेवारीतच निपाणीला मुलीकडे गेली होती. भाग्यलक्ष्मीचे पहिले बाळंतपण मार्चमध्ये, आणि जावई लष्करात, त्याला रजा नाही. के. आर. पुरमच्या खोलीत आता एक स्टोव्ह, एक ताट, एक चटई आणि सुंभाने बांधून ठेवलेली ट्रंक एवढेच उरले होते. बारशाच्या आधी मी पोचतो, असे त्याने गंगव्वाला सांगितले होते. इतका साधा शब्द आपण बावीस वर्षांत दिला नव्हता, असे त्याला नंतर पुष्कळदा वाटले.

नमुन्याचे बूट विमानाने गेले. १२ फेब्रुवारीला फॅक्स आला. कवच उत्तम, बकले उत्तम, पाते सरळ. पण घालून पाहणाऱ्या सहाच्या सहा जणांची टाच आत वर उचलली जात होती आणि पाऊल पुढे सरकत होते. बूट पावलाला धरत नाही. नापसंत.

शेषगिरींनी कारखान्यातल्या बेचाळीस नंबरच्या सगळ्या पायांना बोलावले. सात जण निघाले, त्यांत देवाप्पा आणि गुंडूही. सगळ्यांनी बूट घातले, बकले आवळली, पात्याखाली रबर ठेवून चालून पाहिले. टाच हलेना. गुंडू तर म्हणाला, लग्नातसुद्धा इतका सुखाचा जोड मिळाला नव्हता. भाव पाडण्यासाठी काढलेली सबब असेल, असे शेषगिरींना वाटले.

संध्याकाळी शुभंकर देवाप्पाच्या टेबलाशी आला. त्याच्या हातात ड्रॉइंग होते. लाकडी नमुना त्याने मोजून पाहिला होता. चवड्याजवळ तो ड्रॉइंगपेक्षा नऊ मिलिमीटर रुंद भरला.

"काका, हे तुम्ही केलंत?"

"केलं." देवाप्पा खुर्चीवर बसला. "डिसेंबरात लाकडावरून फायबरचं कवच काढलं होतं, आठवतंय? सगळ्यांच्या करंगळ्या सोलवटल्या. मग मी लाकडाला दोन्ही अंगांनी लांबीचा लेप चढवून रुंदी वाढवली. तुमच्या ड्रॉइंगमधला पाय माणसाचा नव्हता, साहेब."

"सांगितलं का नाही?"

इस्त्रीच्या मुठीत त्याने बोटांसाठी खोलगा वाढवला होता, तेव्हा कोणाला सांगितले नव्हते. हेल्मेटच्या कानाशी जागा सोडली होती, तीही कोणाला न सांगता. ड्रॉइंग सांगते आणि हात दुरुस्त करतो, असाच त्याचा संसार चालला होता, आणि हात आजवर चुकला नव्हता.

शुभंकरने त्याच्यावर आवाज चढवला नाही. उलट सुटकेची वाट त्यानेच दाखवली. आतल्या मोज्याला फोमच्या जाड पट्ट्या चिकटवायच्या. पाऊल घट्ट बसेल, नवे नमुने आठवड्यात जातील, पास होतील. "तुम्ही एकोणतीसला गावी, काका. मी कोणाला काही बोलणार नाही."

रविवारी देवाप्पा शिवाजीनगरला गेला. का गेला ते त्याला नीट सांगता आले नसते. ड्रॉइंगमधला पाय डोक्यातून जाईना एवढे खरे. बाजारामागच्या गल्लीत बाशासाब नावाच्या म्हाताऱ्याचे बूट शिवायचे दुकान होते. त्याच्या बापाने छावणीतल्या गोऱ्या साहेबांचे बूट शिवले होते. बूट अडकवून शिवायचा त्याचा लाकडी घोडा देवाप्पाने कधीकाळी दुरुस्त करून दिला होता, तेवढी ओळख.

बाशासाबने त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्याला चप्पल काढायला सांगितले. देवाप्पाच्या पावलाकडे पाहून तो हसला. अंगठा सरळ, शेजारच्या बोटापासून बोटभर दूर, करंगळी बाहेर पसरलेली. बाविसाव्या वर्षापर्यंत या पायाने बूट पाहिला नव्हता. मग म्हाताऱ्याने माळ्यावरून एक पोते काढले आणि आतले लाकडी पाय जमिनीवर ओतले. बूट शिवणारे त्यांना फर्मे म्हणतात. गिऱ्हाईकाच्या पावलाच्या मापाने घडवलेले लाकूड, आणि तळव्यावर शाईने त्याचे नाव. त्या साहेबांना मरूनही वर्षे लोटली असतील.

"अपने पांवां पंखे," बाशासाब म्हणाला, "उनके पांवां मछली."

त्यांची पोरे चालायला लागली की पायात बूट, ते म्हातारपणापर्यंत. पाय बुटाच्या आत वाढतो. अंगठा आत वळतो, बोटे एकमेकांना चिकटतात, टाच बारीक राहते. आपली पोरे मातीत वाढतात, बोटे हवी तिकडे जातात.

देवाप्पाने एक फर्मा उचलला. पंधरा मिनिटे तो त्यावरून अंगठा फिरवत बसला. लाकडाबद्दल त्याला डोळ्यांपेक्षा बोटांचा भरवसा होता, आणि बोटांना पहिल्या फेरीतच कळले होते. बाकीचा वेळ तो नुसता बसून होता. ड्रॉइंग बरोबर होते. त्या सहा जणांची टाच खरोखर हलत होती. सात पाय त्याने तपासले होते, सातही अनवाणी वाढलेले. त्याने परक्यांच्या पायात आपला पाय घातला होता.

फोम लावून भागले असते. परतीच्या बसमध्ये उभ्याने तो हेच मनाशी घोळवत राहिला. पण भाड्याचा बूट दिवसाला वीस पायांत जातो. बसच्या सीटचा फोम कसा बसतो ते समोरच दिसत होते, मधोमध खड्डा आणि कडेला शिवण उसवलेली. दोन-चार महिन्यांत बूट पुन्हा ढिला, आणि मग कोणाचा तरी घोटा मुरगळणार. तोवर देवाप्पा निपाणीत नातवंडाला खेळवत असेल आणि कोणी त्याचे नाव घेणार नाही. यात सुख मानून घ्यायला काहीच हरकत नव्हती. त्याला ते मानता येईना, एवढेच. आणि याचाही त्याला कंटाळा आला.

सोमवारी त्याने शेषगिरींना सगळे सांगितले. उपायही सांगितला. साच्याच्या आतल्या गाभ्यात बारीक खाचा कापायच्या, म्हणजे कवचाच्या आतून प्लास्टिकच्या फासळ्या उठतील आणि पाऊल अरुंद जागेत धरले जाईल. पोलाद काढता येते, भरता येत नाही, आणि इथे काढायचेच होते, हे नशीब. त्यासाठी पायाचा लाकडी नमुना नव्याने करावा लागेल. ठिणग्यांनी पोलाद कोरणाऱ्या स्पार्क मशीनसाठी तांब्याचे तुकडे त्या आकारात हाताने घासावे लागतील. दीड-दोन महिने.

शेषगिरी बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. मग कानडीत म्हणाले, "इस्त्रीची मूठ तुम्ही न विचारता बदललीत तेव्हा शाबासकी मी घेतली होती. आता कोणत्या तोंडाने रागावू? सरी, अण्णा. करा."

त्या संध्याकाळी के. आर. पुरमच्या फोन बूथवरून त्याने निपाणीला शेजाऱ्यांकडे फोन लावला. गंगव्वा येईपर्यंत मीटरचे आकडे पळत होते. त्याने जमेल तसे सांगितले.

"म्हंजे त्या गोऱ्यांची पोरं पडू नयेत म्हणून तुम्ही तिथं," गंगव्वा म्हणाली, "आणि हितं माझ्या पोरीला दवाखान्यात नेणार कोण? शेजारचे हंबीरराव?"

"दीड महिना गं."

"तुमचा दीड महिना बघितलाय की. दोन वर्सं म्हणून बेंगळूरला नेलतासा. बावीस झाली."

तिनेच मग विचारले की जेवण करता काय, का बनवर भागवता. फोन तिनेच ठेवला.

२९ फेब्रुवारीला कारखान्यात हार, नारळ आणि चांदीचा मुलामा दिलेले घड्याळ मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा त्याच बसने आला. गुंडूने विचारले, अण्णा, घड्याळ परत करायला आलात काय?

पुढचे दिवस एकासारखा एक गेले. बाशासाबचा फर्मा समोर, ड्रॉइंग बाजूला, आणि या वेळी एकेक मिलिमीटर शुभंकरकडून मोजून घेऊन. तो मोजी आणि देवाप्पा वहीत मांडायला सांगे. आपल्या हाताला कोणी तरी तपासावे हे त्याला प्रथम बोचले, मग सवय झाली, आणि शेवटी त्यातही थोडा विसावा वाटू लागला. तांबे घासताना डोळा गळे. दुपारी तो टेबलाखाली पुठ्ठा टाकून वीस मिनिटे पडे.

१९ मार्चला मुलगी झाल्याचा निरोप आला. बारशाला तो गेला नाही. दोन दिवसांची रजा कोणीही दिली असती, पण गेलो तर परत यायला पाय निघणार नाही हे त्याला माहीत होते. नाव आसावरी ठेवले, असे नंतर कार्डावर कळले. ते कार्ड जावयाच्या अक्षरात होते, म्हणजे त्यालाही रजा मिळाली होती.

एप्रिलच्या २६ तारखेला नव्या साच्यातून पहिला जोड निघाला. गरम कवच थंड झाल्यावर शुभंकरने मोजा बसवला, बकले लावली. बेचाळीस नंबरचे तेच सात जण पुन्हा रांगेत उभे राहिले.

पहिल्याने पाय घातला आणि लगेच काढला. दुसऱ्याने बकल लावून दोन पावले टाकली आणि मशीनला धरून उभा राहिला. गुंडूची करंगळी आत जाईचना. तो म्हणाला, "अण्णा, आधीचा बूट सोन्यासारखा होता. हे काय केलंत?"

शेषगिरी चिंतेत पडले. शुभंकरने माप पुन्हा घेतले. सगळे ड्रॉइंगप्रमाणे होते, पण रांगेतल्यांची तोंडे पाहून त्याचाही धीर सुटत चालला.

शेवटी देवाप्पा स्टुलावर बसला. त्याने दोन्ही बूट घातले, तिन्ही बकले आवळली आणि उभा राहिला. करंगळीपासून घोट्यापर्यंत कळ गेली. फासळ्या दोन्ही बाजूंनी चावत होत्या आणि अंगठा आत दाबला जात होता. टाच मात्र तसूभर हलली नाही. तो टेबलापासून दारापर्यंत गेला, परत आला, आणि पुन्हा एकदा गेला. कपाळावर घाम आला होता.

"किती दुखतंय, काका?" शुभंकरने विचारले.

"पुष्कळ," देवाप्पा म्हणाला. "बरोबर झालाय. पाठवा."

खाली बसून त्याने एकेक बकल सोडले. करंगळीची कातडी गेली होती. त्याने तिच्यावर वहीचा कागद चिकटवला आणि चप्पल घातली. शेषगिरी म्हणाले, फॅक्स येईपर्यंत चार-आठ दिवस थांबा, पास झाल्याचे ऐकूनच जा. देवाप्पाने नकारार्थी मान हलवली. ट्रंक बांधलेलीच होती, आणि सकाळी निपाणीमार्गे जाणारी गाडी होती.

फर्मा त्याने फडक्यात गुंडाळून गुंडूच्या हातात दिला. रविवारी शिवाजीनगरला जाऊन बाशासाबला द्यायचा, विसरायचे नाही, असे त्याने दोनदा बजावले. मग तो किंचित लंगडत बसथांब्याकडे निघाला. त्या दिवशी बसायला जागा मिळाली नाही.