अधिवेशनाच्या आदल्या रविवारी

आम्ही राहायचो ते घर आमचं नव्हतं आणि भाड्याचंही नव्हतं. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये इंग्रजांच्या काळातले मोठाले सरकारी बंगले आहेत आणि बहुतेक बंगल्यांच्या मागे, अगदी कुंपणाला लागून, नोकरांसाठी दोन खोल्यांचं आउटहाऊस असतं. तिथला रिवाज साधा आहे. भाडं द्यायचं नाही, त्याबदल्यात घरातल्या एका बाईनं बंगल्यात काम करायचं. साहेब बदलून जातात, दुसरे येतात, बाई मात्र तीच राहते. आमच्याकडे ती बाई म्हणजे आई. वडील गेल्यावर तिनं एकटीनं ते घर राखलं. माझं शिक्षण तिथंच झालं, मी शाळेत शिकवायला लागले, तरी पत्ता बदलला नाही.

पण गेल्या काही वर्षांत आईच्या बोटांचे सांधे सुजले. कणीक मळताना ती दातओठ खायची आणि मी बघितलं की म्हणायची, "थंडीनं होते." नव्या मेमसाहेब स्वभावानं चांगल्या होत्या. एकदा मी दोरीवरचे कपडे काढत असताना त्यांनी आईला अगदी मायेनं विचारलेलं मी ऐकलं, "मावशी, तुमच्यानंतर कोण करणार?" आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आमच्या घरात दुसरी बाई मीच होते. शाळा सकाळची आणि बंगल्याचं कामही सकाळचं. म्हणजे शाळा सोडायची आणि आईचा पदर माझ्या कमरेला खोचायचा.

मी गुपचूप उत्तर नागपुरात, जरीपटक्याच्या वस्तीत एक खोली बघितली. स्वयंपाकाचा ओटा, छोटा संडास, खिडकीतून बाजाराचा कालवा. घरमालकाला सोमवारी हो किंवा नाही कळवायचं होतं, म्हणजे रविवारी आईला सांगणं भाग होतं.

घरात सांगणं शक्य नव्हतं. आमच्या खोलीत बंगल्यातून ओढलेल्या तारेवर एक घंटी आहे. आमचं कुठलंही बोलणं निम्म्यात आलं की ती वाजते आणि आई उठते. शाळेतल्या एका बाईंनी मला फोनवर 'आपलं आपण फिरा' अशी सिव्हिल लाइन्सची सफर पाठवली होती. नकाशा बघत चालायचं, खुणेच्या जागी थांबायचं, फोनमधली बाई माहिती सांगते. मी आईला म्हटलं, चल, फिरून येऊ.

"काहून वं? रोजच तं पाहतो आपण हे," आई म्हणाली.

"समोरून कुठी पाहिलं?"

"समोरून पाहून काय करशीन?" असं म्हणत तिनं ठेवणीतलं लुगडं मात्र काढलं.

फोनमधली बाई मोठ्या कौतुकानं बोलायची. उंच जोतं बघा, रुंद व्हरांडा बघा, उतरत्या छपराची कौलं बघा. एका बंगल्याला शेकोटीचं धुराडं होतं. ज्या गावात मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तिथं साहेबानं शेकायला धुराडं बांधलं, आणि ती बाई त्याला वास्तुवैभव म्हणत होती. मला हसू आलं आणि रागही. आउटहाऊसबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. आई मात्र फक्त तेच सांगायची. इथल्या बाईच्या पोरीचं लग्न ठरलं, त्या घरी नळाला पाणीच येत नाही, पलीकडचीला गुडघ्याचा त्रास. कुंपणाआडून कोणीतरी "जय भीम बाई" म्हणायचं आणि ती थांबून विचारपूस करायची. तेवढ्या रस्त्यावर आईला जितक्या हाका आल्या तितक्या मला शाळेत वर्षभरात येत नाहीत. जरीपटक्याच्या त्या खोलीत तिला कोण हाक मारणार, हा विचार मनात आला आणि मी तो झटकला.

धुराड्याच्या बंगल्यापाशी मी म्हटलं, "आई, मले तुह्याशी बोलाचं हाय."

"चालता चालता बोल. फाटकासमोर थांबलो तं गार्ड हाकलते."

गार्ड खरंच आमच्याकडे बघत होता. आई रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं चालू लागली. तिला मोठ्या फाटकासमोर उभं राहायची सवयच नव्हती. ती अंग चोरायची, आणि तिच्याबरोबर मीही चोरायचे. त्या क्षणी मला तिचा भयंकर राग आला.

पुढे एका ठेल्यावर आम्ही तर्री-पोहे घेतले. आईचं तोंड भरलेलं असताना मी धीर केला. "समज, आपण दुसरीकडं राहाले गेलो तं?"

"कुठी?"

"जरीपटक्याले."

तिनं घास गिळला. "तिथं कपडा सस्ता भेटते," ती म्हणाली. मग प्लेटकडे बघत म्हणाली, "पण मी तिथं तुह्या जिवावर बसू का वं? हे घर मी कमावलं हाय."

कमावलं. ज्या घराची चावी साहेबाच्या एका सहीनं जाऊ शकते ते घर. हे मला म्हणायचं होतं, पण तर्रीनं डोळ्यांत पाणी आलं असं दाखवत मी डोळे पुसले. घरी जाता जाता सांगू, असं ठरवलं.

परतताना कळलं की मी काय घोटाळा केला होता. सोमवारपासून विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन होतं, आणि आदल्या दिवशी दुपारपासूनच पोलीस सिव्हिल लाइन्सचे रस्ते बांधून टाकतात. नागपुरात हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. मी दरवर्षी ते बघत मोठी झाले, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात खोलीशिवाय काही नव्हतं. पहिल्या चौकात लाकडी बल्ल्या, दुसऱ्यात लोखंडी कठडे. तिसऱ्या रस्त्यानं गेलो तर पोलीस म्हणाला, मागे फिरा. मागे फिरलो तर तोवर तोही रस्ता बंद. फोनमधली बाई शांतपणे सांगत होती, आता डावीकडे वळा. डावीकडे पोलिसांची गाडी आडवी लावलेली होती. मी तिचा आवाज बंद केला. आई आता पाय ओढत होती, आणि मला चारी बाजूंनी कोणीतरी आवळत आणल्यासारखं वाटत होतं.

शेवटच्या कठड्यापाशी आमच्या आवारातली चिंच दिसत होती. तिथला शिपाई बाहेरगावाहून बंदोबस्ताला आलेला, बिचारा संध्याकाळच्या थंडीनं कुडकुडत होता.

"मावशी, आत फक्त राहणारे आणि कामावरचेच सोडतो आम्ही."

"राहतोच ना बाप्पा आमी," आई म्हणाली.

"बंगल्यात?"

"मागं."

त्यानं हातातल्या यादीत नंबर बघून बंगल्याच्या गार्डला फोन लावला. गाड्यांच्या आवाजामुळे त्याला ऐकू येईना, म्हणून त्यानं स्पीकर सुरू केला. गार्डचा आवाज आम्हा तिघांना स्पष्ट ऐकू आला. "सोडा ना दोघीयले. म्हातारी जुनीच हाय. तिची पोरगी उद्यापासून तिच्या जागी लागून राहिली. मॅडमनं सांगून ठेवलं, मुंबईचे पाव्हणे येऊन राहिले."

मी आईकडे बघितलं. तिनं नजर वर केली नाही.

"मी हो म्हटलं वं," ती म्हणाली. "तुले विचारलं असतं तं तू नाही म्हटलं असतं."

शिपायानं कठडा एका माणसापुरता सरकवला. आई आत गेली. मी तिथंच उभी राहिले आणि दिवसभर जे तिला सांगता आलं नाही ते त्या परक्या माणसाला सांगितलं. "मी तिथं काम करत नाही. मी शाळेत शिकवते. मी दुसरीकडे खोली घेतली आहे." घरमालकाला सोमवारी द्यायचा होकार मी तिथंच देऊन टाकला.

तो गोंधळला. "मग ताई, तुम्हाला आत सोडता येणार नाही," तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. खरं बोलले की घर बंद, आणि घर उघडायचं तर त्याच्या समोर कामवाली व्हायचं, असं ते होतं. आई पलीकडे उभी राहून सगळं ऐकत होती.

"थकली हाय ती," तिनं शिपायाला समजावलं. "दिवसभर फिरून राहिली ना. काही बी बोलते. येऊ द्या तिले."

तो हसला आणि बाजूला झाला. त्याला ते पटलं.

आईनं फटीतून हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं. त्या बोटांना हल्ली पाण्याचा तांब्यासुद्धा नीट धरवत नव्हता. मी नुसतं मागे सरले असते तरी हात सुटला असता. मी आत गेले.