पाण्यातली अन्नपूर्णा

माझे मेहुणे जगदीशराव यांना त्यांच्या कंपनीने २००१ साली चौदा महिन्यांसाठी अमेरिकेत पोर्टलंडला पाठवलं होतं. तिथून ते अजून परतलेले नाहीत. देह तेवढा न्यूझीलंडमध्ये आहे. गेली वीस वर्षं तो अल्बनीत राहतो, बसने ऑकलंडला ऑफिसला जातो, शनिवारी लॉन कापतो आणि माझ्या धाकट्या बहिणीने, दमयंतीने, केलेला स्वयंपाक जेवतो. मन मात्र पोर्टलंडच्या बेसबॉल टीमपाशी आहे. टीमचं नाव सॅल्मन. जन्मात मासा न खाल्लेला हा गृहस्थ एका माशाच्या नावाने दर वर्षी गळा काढतो.

चौदा महिन्यांत ते प्रत्यक्ष मैदानावर किती वेळा गेले, हे मी एकदा नीट विचारून घेतलं आहे. तीनदा. त्यातल्या एकदा पावसामुळे खेळ झाला नाही. उरलेल्या दोन सामन्यांच्या बळावर ते "आम्ही" म्हणतात. आम्ही काल हरलो. आमची बोलिंग या वर्षी कच्ची आहे. बेसबॉलमध्ये बोलिंग नसते, पण ते सांगून उपयोग नाही.

न्यायाने सांगायचं तर माणूस वाईट नाही. माझ्या बायपासच्या वेळी हेच दोन दिवस रजा काढून पामर्स्टन नॉर्थला आले होते आणि हॉस्पिटलमध्ये माझ्या उशाशी बसले होते. फोनवर स्कोअर बघत का होईना, पण बसले होते.

अल्बनीत त्यांना दोन शिष्य मिळाले आहेत. बाळासाहेब हे फार्मसिस्ट, बारामतीचे. सुशांत हा सॉफ्टवेअरमधला, डोंबिवलीचा. दोघांनीही पोर्टलंड नकाशावरसुद्धा धड पाहिलेलं नाही, पण दोघांकडे सॅल्मनचे केशरी शर्ट आहेत आणि बाद फेरी संपेपर्यंत ते शर्ट धुवायचे नाहीत असा ठराव आहे. क्रिकेट बघताना जोडी जमली की कुणी जागेवरून उठायचं नाही, ही आपल्याकडची जुनी शिस्त. ती या तिघांनी जशीच्या तशी बेसबॉलला लावली आहे. पहिल्या सामन्यात सुशांत सोफ्यावर जागा नव्हती म्हणून शू रॅकपाशी छोट्या स्टुलावर बसला आणि सॅल्मन जिंकली. तेव्हापासून बिचारा शू रॅकपाशीच बसतो.

इथवर हे सगळं हसण्यावारी न्यायचं होतं. या ऑक्टोबरात ते राहिलं नाही, कारण जगदीशरावांच्या मुलीचं, मुग्धाचं, लग्न ठरलं होतं. लेबर डेच्या लांब सुट्टीतला शनिवार. चातुर्मासात मुहूर्त नसतो, पण न्यूझीलंडमध्ये हॉल आणि सुट्टी एकत्र मिळाली की गुरुजी काढीव मुहूर्त देतात. मी मामा, म्हणून बुधवारीच पामर्स्टन नॉर्थहून साडेसहा तास गाडी चालवून अल्बनीला पोचलो. दमयंतीने चहासुद्धा विचारला नाही. हाताला धरून मला थेट पँट्रीत नेलं.

"दादा, हे बघ काय करून ठेवलंय."

तिचं देवघर पँट्रीतल्या मधल्या कप्प्यात आहे. वर डाळींचे डबे, खाली तेलाचे कॅन, मध्ये देव. तिथे सॅलडचा काचेचा बाऊल होता, पाण्याने काठोकाठ भरलेला, आणि त्याच्या तळाशी आमच्या आईची अन्नपूर्णा बसली होती.

ही बोटभर उंचीची पितळी मूर्ती आहे. आईला तिच्या आईने दिली, आईने दमयंतीला लग्नात गौरीहराशी बसताना दिली, आणि आता मुग्धा बोहल्यावर चढण्याआधी हिचीच पूजा करून हिला सासरी नेणार होती. बाकी दागिने, साड्या, हॉल, जेवण याबद्दल दमयंतीचा कसलाच आग्रह नव्हता. ही एक गोष्ट व्हायला हवी होती.

सॅल्मन बाद फेरीत पोचली त्या दिवशी जगदीशरावांनी नवस बोलला होता. टीम अजिंक्य होईपर्यंत देव पाण्यात. घरात कुणी अत्यवस्थ असलं, मुलगा परागंदा झाला, की पूर्वीची माणसं हा निर्वाणीचा उपाय करत. देवाला पाण्यात ठेवायचं आणि काम झाल्याशिवाय बाहेर काढायचं नाही. जगदीशरावांनी तो अकरा अमेरिकन खेळाडूंसाठी केला. खेळाडू नऊ असतात, असं मला नंतर कळलं. गणपती बाऊलमध्ये मावेना, म्हणून अन्नपूर्णा.

"मग काढ की तिला बाहेर," मी म्हटलं.

"मी कशी काढू? नवस बोललाय रे त्यांनी. माझ्या हाताने मोडला आणि पोरीच्या संसारात काही वाकडं झालं तर?" ती रोज वाटीने पाणी उपसून ताजं पाणी घालत होती, मूर्तीला हात न लावता. "ज्याने बोललाय त्यानेच सोडवायला हवा. पण उद्याचा सामना जिंकला की फायनल, आणि मग..."

"फायनल कधी संपते?"

"पुढच्या आठवड्यात."

"आणि लग्न?"

"शनिवारी," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

गुरुवारी दुपारी एक वाजता उपांत्य फेरीतला सातवा, म्हणजे निकालाचा सामना होता. तिघांनीही ऑफिसात तब्येतीचं कारण दिलं होतं. घरात चकल्यांची पिंपं, रुखवताची टेबलं, पाहुण्यांसाठी मेंदीची बाई. आणि मधोमध हे तीन केशरी पुरुष, न धुतलेल्या शर्टांचा वास घेऊन. जगदीशरावांना हॉलवर जाऊन खुर्च्या मोजून घ्यायच्या होत्या. त्या मी मोजून आलो. परत आलो तेव्हा शेवटचा डाव चालू होता, सॅल्मन दोन धावांनी पुढे होती आणि सुशांत शू रॅकपाशी चुळबुळत होता.

"उठू नकोस!" बाळासाहेब ओरडले.

"अहो, दीड तास धरून बसलोय. मला खरंच जायचंय."

"जरा धर की लेका. दोन आउट राहिलेत."

सुशांत उठला. त्याचा दोष नव्हता, तो पन्नाशीचा आहे. तो गेला, आणि समोरच्या टीमच्या एका धिप्पाड माणसाने चेंडू प्रेक्षकांत भिरकावून दिला. तीन धावा. सामना संपला. सॅल्मन घरी गेली. सुशांत बाहेर आला तेव्हा आतल्या फ्लशचा आवाज अजून येत होता आणि दोघं त्याच्याकडे बघत होते.

"बघितलंस काय केलंस ते?" जगदीशराव म्हणाले.

"मी काय केलं? मी तिथे बॅटिंगला होतो का?"

"जागा सोडलीस."

"मग तुमच्या देवीने काय केलं दोन आठवडे पाण्यात बसून?"

यावर जगदीशराव उठले, बेडरूममध्ये गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. दमयंतीने बाहेरून सांगितलं की आता टीम हरली, तेव्हा नवस संपला, हात लावून देवी बाहेर काढा. आतून आवाज आला, "संपला कसा? अजिंक्य होईपर्यंत, असं बोललोय. पुढचा सीझन आहे ना."

म्हणजे देवी आणखी एक वर्ष पाण्यात.

शुक्रवारी सकाळी ग्रहमख होतं. मुलीच्या बापाला बसावंच लागतं, म्हणून जगदीशराव सोवळं नेसून बसले, पण चेहरा असा की होमाऐवजी दुसराच कसला अग्नी समोर असावा. आलेल्या बायका हळहळल्या. "बापाचं काळीज हो. एकुलती एक लेक निघाली." ते काळीज कुठल्या डावात अडकलं होतं, ते मला माहीत होतं.

दुपारी बाळासाहेब डबा घेऊन आले. जगदीशरावांनी कालपासून काही खाल्लं नाही, असं त्यांनी ऐकलं होतं. डब्यात पिठलं-भात होता.

दमयंतीने झाकण उघडलं आणि तिचा रंगच उतरला. "बाळासाहेब, उद्या माझ्या मुलीचं लग्न आहे. घरात कुणी गेल्यावर आणतात हे."

"तसं नाही हो वहिनी. बायको भारतात गेलीय, मला एवढंच येतं करायला."

"मग मॅगी आणायची!"

पिठलं-भात कचऱ्यात गेला. बाळासाहेब बेडरूममध्ये जाऊन मित्राचा हात हातात घेऊन बसले. दार अर्धवट उघडं होतं. "पंच विकला गेला होता," एक जण म्हणायचा. मग दुसरा म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघ." पाचेक मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून. खऱ्या मयतीला गेलेली माणसंसुद्धा इतकं मनापासून बोलत नाहीत.

मी आत गेलो. "जगदीशराव, नवस सोडा. दोन मिनिटांचं काम आहे. देवीची क्षमा मागा, हवं तर उपास धरा."

"दीनानाथराव, तुम्ही कॉमर्सवाले. तुम्हाला नाही कळायचं. आता माघार घेतली तर पुढचं वर्षही गेलं."

"आणि मुग्धा?"

"मुग्धाला नवी आणतो ना. चांदीची. सँड्रिंगहॅमच्या भारतीय दुकानात मिळते, आत्ता जाऊन आणतो."

"ती आमच्या आईची आहे."

"देवी सगळ्या सारख्याच," जगदीशराव म्हणाले. बेसबॉलच्या सगळ्या टीम सारख्याच, असं त्यांना कुणी सांगून बघावं.

मुग्धा हे सगळं दारातून ऐकत होती. ती इथेच वाढली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीतून येतं. हातावर मेंदी ओली, म्हणून दोन्ही हात वर धरून उभी होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, व्हॉट्स द रूल एक्झॅक्टली? देवीने पाण्यात राहायचं. दॅट्स इट?"

"तेवढंच."

"पाणी पँट्रीतच पाहिजे, असं कुठे नाही?"

"नाही."

"स्वीट अ‍ॅज," ती म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत झकास, आणि मेंदी वाळवायला निघून गेली.

शनिवारी सकाळी ती हॉलवर आली ती पिवळी साडी नेसून, मुंडावळ्या बांधून आणि मांडीवर पाण्याचा बाऊल घेऊन. मैत्रीण गाडी चालवत होती, वीसच्या स्पीडने. गौरीहराच्या पाटावर तांदळाच्या राशीवर बाऊल ठेवला गेला. गुरुजी आठवड्याचे पाच दिवस एका बँकेत आयटीत असतात, त्यामुळे अडचणींची त्यांना सवय आहे. त्यांनी क्षणभर बाऊलमध्ये बघितलं, मग जगदीशरावांकडे, मग म्हणाले, "अभिषेक चालू आहे असं समजू," आणि मंत्र सुरू केले. मुग्धा पाण्यावर अक्षता वाहत राहिली. त्या तरंगल्या, मग एकेक खाली गेल्या आणि देवीच्या डोक्यावर बसल्या.

दमयंती भिंतीला टेकून बघत होती. तिला हवं ते झालं होतं आणि झालंही नव्हतं. स्वतःची आई मुलीच्या लग्नात येऊन दारातच थांबावी, तसा तिचा चेहरा होता.

लग्न लागलं. मी भाचीला बोहल्यावर आणलं, मंगलाष्टकं झाली, जेवणं झाली. वेदांत, म्हणजे आमचा जावई, वेलिंग्टनला इंजिनिअर आहे, शांत मुलगा. चार वाजता हॉलच्या पार्किंगमध्ये पाठवणी झाली. मुग्धा गाडीत बसली, मांडीवर तोच बाऊल, वरून क्लिंग फिल्मचं पातळ प्लास्टिक लावलेलं. वेलिंग्टनपर्यंतचा रस्ता आठ तासांचा, वाटेत तौपोला मुक्काम. सगळ्यांचे डोळे भरले होते. जगदीशरावही रडत होते, आणि मला वाटलं, चला, शेवटी बापाला पाझर फुटला. ते गाडीच्या खिडकीपाशी वाकले, त्यांनी जावयाचा हात धरला. बायका पुढे सरकल्या. बाप काय सांगतो, ते सगळ्यांना ऐकायचं होतं.

"वेदांत," ते म्हणाले, "पाणी आटू देऊ नका. निदान पुढच्या ऑक्टोबरपर्यंत."

वेदांतने मान हलवली. दुसरं तो काय करणार?

दमयंती तीन पावलं मागे होती. ती पुढे आली, नवऱ्याला कोपराने बाजूला सारलं आणि खिडकीतून हात घालून क्लिंग फिल्म फाडली. ब्लाउजची बाही कोपरापर्यंत भिजली. तिने अन्नपूर्णेला बाहेर काढलं, स्वतःच्या पदराने पुसलं, कानाकोपऱ्यातले तांदूळ नखाने काढले आणि मुग्धाच्या मेंदीच्या हातात ठेवलं.

"अगं, नवस!" जगदीशराव ओरडले. "मोडलास तू!"

"मोडला. मी मोडला. माझ्या पोरीचं चांगलंच होणार आहे," दमयंती म्हणाली. तिने बाऊल पार्किंगच्या कडेच्या गवतावर उपडा केला आणि तो रिकामा बाऊल जगदीशरावांच्या छातीशी टेकवला. "पुढच्या वर्षी देवीला त्रास नको. तुम्हीच बसा पाण्यात."

मुग्धा हसली आणि मग खूप रडली. आईने तिच्या केसांवरून हात फिरवला, गाडी निघाली. जगदीशराव बाऊल धरून उभे होते. सुशांत त्यांच्या शेजारी गेला आणि हळूच म्हणाला, "मग आता हरलो तर वहिनींमुळे ना? माझ्यामुळे नाही?"

जगदीशरावांनी त्यावर बराच विचार केला.